काळ्या पिसांचा गळ

नवऱ्याने नाकातली नळी स्वतःच्या हाताने उपसून काढली, तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. आत आले तर नळी जमिनीवर पडलेली आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणते. इथे ‘तो’ लिहिते, कारण त्या दिवसांत मला त्याचा फार राग होता.

चाळीस वर्षं त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. जाळं टाकताना गालात खर्रा, झोपतानाही गालात खर्रा. शेवटी तोंडात गाठ झाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डावीकडचा अर्धा जबडा काढला, मांडीचं मांस कापून गालाला लावलं आणि दीड महिन्याने घरी पाठवलं. नळीतून मी दूध आणि डाळीचं पाणी घालत होते. टाके भरले आहेत, आता थोडं थोडं तोंडाने द्या, मग नळी काढू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्याने थोडं थोडं काही केलं नाही. नळी काढली आणि तोंडही बंद केलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पुन्हा नळी टाकायला घेऊन या, नाहीतर तोंडाने सुरू करा. असंच उपाशी ठेवलं तर आठ-दहा दिवसांच्या वर...

“वर काय?” मी विचारलं.

“आजी, समजून घ्या.”

मी समजले.

दुसऱ्या दिवशी ऑटो बोलावला. त्याने खाटेची पाटी दोन्ही हातांनी धरली. अंगात ताकद नव्हती, तरी मला आणि ऑटोवाल्याला ती बोटं सोडवता आली नाहीत. ऑटोवाला म्हणाला, “काकू, बाबाले जबरदस्तीनं नेता येत नाई.” आणि निघून गेला. दोन्ही पोरी सासरी, लांब. त्या फोनवर रडल्या. रडून नळी नाकात जात नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या पोटात चार-पाच चमचे साखरपाणी गेलं असेल, तेही मी ओरडले म्हणून. मी एकेक वाटी घेऊन जायची. दूध? मान हलवून नाही. साबुदाण्याची पेज? नाही. डाळीचं पाणी? नाही. भाताची पेज नेली तर हाताने वाटी ढकलली. पेज माझ्या लुगड्यावर सांडली. मी चिडले.

“मंग काय मरळ आनू तुमच्यासाठी?”

हे मी टोमणा म्हणून बोलले होते. आमच्याकडे बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देतात. मरळ म्हणजे ताकदीचा मासा. काटा कमी, मांस घट्ट, आणि पाण्याबाहेर काढली तरी तासन्‌तास जिती राहते. ज्याच्या अंगात जीव राहिला नाही त्याला तिचा जीव लागतो, असं आमची जुनी माणसं सांगायची. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग डोळे मिटून हो म्हणून मान हलवली.

तेव्हा मला आनंद झाला. तो हो नव्हता हे नंतर कळलं. ते पावसाळ्यातले दिवस होते आणि आमच्या तलावावर बंदी चालू होती.

आम्ही ढीवर. आमचा तलाव कोराडीच्या बाजूला आहे. काठावर उभं राहिलं की वीज केंद्राची धुराडी दिसतात आणि बेशरमीच्या झुडपांच्या पानांवर राख बसलेली असते. पावसाळ्यात दोन महिने मासे अंडी घालतात, म्हणून कोणी जाळं टाकायचं नाही, गळही टाकायचा नाही, असा आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम आहे. कागदावर तो सगळीकडेच असतो. आमच्याकडे तो पाळला जातो, कारण माझा नवरा वीस वर्षं पंच होता. मरळीचं तर तो जास्तच बघायचा. मरळ पिल्लं सोडून जात नाही. पिल्लांचा लाल घोळका वर श्वास घ्यायला येतो आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या दिवसांत मरळ खात नाही. पण घोळक्याजवळ काहीही आलं तरी तोंड टाकते, भुकेने नाही, रागाने. म्हणून पिल्लांवरची मरळ धरायला अक्कल लागत नाही. ज्याला लाज नाही तो धरतो, असं माझा नवरा म्हणायचा. एकाने धरली होती. नवऱ्याने चारचौघांत त्याची गळाची काठी गुडघ्यावर मोडली, आणि वर्षभर त्याच्या घरच्या टोपलीला आम्ही बायकांनी बाजारात शेजारी बसू दिलं नाही. त्यात मीही होते. मी तर टोपली पायाने सरकवली होती.

तर बंदीत मरळ मागायची, म्हणजे ती मिळणार नाही आणि बायको गप्प बसेल. त्याची नाही म्हणायची ती रीत होती. मला ते तेव्हा समजलं असतं तरी मी काय वेगळं केलं असतं, माहीत नाही.

चौथ्या दिवशी मी नागपूरच्या मच्छीबाजारात गेले. कतला होता, रोहू होता, झिंगे होते. जित्या मरळीच्या टाक्या रिकाम्या. एकीकडे बर्फात बाहेरून आलेली मरळ मिळाली, डोळे पांढरे पडलेली. घेतली, रांधली. त्याने वाटी नाकाजवळ येताच तोंड फिरवलं. जबडा कापल्यापासून त्याचं बोलणं माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. तो म्हणाला, “शिळी हाय.” अर्धं तोंड गेलं पण नाक गेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी तलावावर गेले. काय करणार होते, मलाही ठाऊक नव्हतं. जन्मभर मी मासे विकले, कापले, खवले काढले. पकडला एकही नव्हता. आमच्यात बाई जाळ्याला हात लावते तो फक्त रफू करायला.

काठावर एक माणूस उभा होता. तिशी-पस्तिशीचा, डोक्यावर टोपी, पायात मांडीपर्यंत रबरी बूट. हातात बारीक लवचिक दांडी, तिला जाडजूड पोपटी दोरी, आणि ती दोरी तो डोक्यावरून मागेपुढे, मागेपुढे फेकत होता. मला वाटलं पाखरं हाकलतो आहे.

“आजी, सरका जरा. गळ मागे येतो, डोळ्याला लागेल.”

“काय करून राहिला बापू?”

“मासे धरतोय.”

“असे हवा मारून?”

तो हसला. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी इथे येतो, असं त्याने सांगितलं. दोरीच्या टोकाला जे बांधलं होतं ते त्याने तळहातावर घेऊन दाखवलं. बोटाच्या दोन पेरांएवढं. गळाला काळी मऊ लोकर गुंडाळलेली, तिच्यावर कोंबड्याचं काळं पीस गोल गोल वेढलेलं, मागे फुसफुशीत पिसांची शेपटी आणि पुढे डोक्याला पितळेचा मणी. घरी टेबलावर बसून आपल्या हाताने बांधलं म्हणाला. याला स्ट्रीमर म्हणतात म्हणे.

“माशाले हे काय वाटते?”

“जे हवं ते. जळू वाटेल, बेडकाचं पिल्लू वाटेल, बारका मासा वाटेल. पाण्यात ओढलं की पिसं हलतात. पुढचं मासा आपल्या मनाने ठरवतो.”

“म्हंजे हे सोता काहीच नाई.”

“म्हणूनच कुठेही चालतं, आजी.”

मी तिथेच दगडावर बसले. तो दोरी फेकायचा, ती पाण्यावर अलगद पडायची, मग डाव्या हाताने ती हातभर ओढायचा आणि थांबायचा. ओढ, थांब. ओढ, थांब. अर्धा तास गेला. मग दांडी एकदम वाकली. पाणी फाटलं, आणि पाच मिनिटांनी त्याने काठाला मरळ आणली. दीड किलोची तरी असेल. काळी, चकचकीत, सापासारख्या डोक्याची. मी उठले, पदर पसरूनच त्याच्याजवळ गेले. मला वाटलं देवाने पाठवली.

त्याने हात पाण्यात ओले केले. चिमट्याने गळ काढला. मोबाईलने फोटो काढला. आणि मरळ परत पाण्यात सोडली.

पाण्यात तिची शेपटी दिसली, मग तीही नाही.

“काहून सोडली गा?”

“मी सोडतोच, आजी. खायला नाही धरत मी.”

“मंग धरते कायले?”

“मजा येते. त्यांना फारसा त्रास होत नाही त्याने.”

“तुह्या ओठात टोचून पाहू का? कितीक होते ते समजन.”

तो ओशाळला. मग मी त्याला सगळं सांगितलं. नवरा, जबडा, नळी, पाचवा दिवस. परक्या माणसासमोर मी इतकं कधी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, “एक धरून दे बापू. एकच. मी तुह्या पाया पडतो.”

त्याने टोपी काढून हातात घेतली. “आजी, मी दिला असता. पण मला बंदीतही इथे बसू देतात ते एकाच अटीवर. बंदी असो नसो, पिल्लांजवळ गळ टाकायचा नाही, एकही मासा न्यायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. शब्द दिलाय मी.”

“कोनाले देल्ला?”

“मागच्या वर्षी एक आजोबा आले होते. गालात खर्रा. अर्धा तास बसून त्यांनी मला बजावलं.”

दुसरं कोण असणार?

“तोच मरून राहिला,” मी म्हटलं.

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, “मी शहरातून प्रोटीनची पावडर आणून देतो. चांगली असते. पाण्यात कालवून द्यायची.” मन चांगलं होतं त्याचं. पण पिणाऱ्याने तोंड तर उघडायला पाहिजे.

नंतर त्याचं लक्ष लागेना. दोन-तीन फेका चुकल्या. एकदा दोरी काठाच्या बेशरमीत गेली आणि गळ फांदीला अडकला. त्याने ओढलं. टोकाची बारीक तार तुटली. त्याने मला विचारलं, दिसतो का गळ तिकडे? मी झुडपाजवळ होते. काळा गळ हातभर अंतरावर, डहाळीला लटकत होता.

“नाई दिसत. पान्यात गेला,” मी म्हटलं.

तो घरी गेला. मी चिखलात उतरले, डहाळी मोडली आणि गळ पदराच्या गाठीत बांधला. ही चोरी होती. ती मी केली.

सहाव्या दिवशी उजाडल्यावर नवऱ्याला चमच्याने पाणी पाजायला गेले तर अर्धं बाहेर आलं. डोळे आत गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी कपडे वाळवायचा बांबू काढला, नवऱ्याच्या थैलीतून नायलॉनची दोरी घेतली, तिला तो गळ बांधला आणि तलावावर गेले. जाताना कोणी पाहिलं तर काय सांगायचं तेही ठरवलं नाही.

बांबू जड होता. दोरी डोक्यावरून फेकायची माझी ऐपत नव्हती. मी गळ पाण्यात सोडायची आणि बांबूचं टोक बाजूला ओढायची. ओढ, थांब. ओढ, थांब. काळी पिसं पाण्यात फुलायची आणि मिटायची. मला ते जळूसारखंही वाटलं आणि बेडकाच्या पिल्लासारखंही. माशांना काहीच वाटलं नाही. दोन तास गेले. खांदे भरून आले. एकदा गवतात गुंतलं, ते सोडवताना मी मांडीपर्यंत पाण्यात गेले. पोहता मला येत नाही. मनात आलं, मीच बुडाले तर त्याला चमच्याने पाणी देणाराही कोणी उरणार नाही. बाहेर आले. रडावंसं वाटलं, पण ते करायला वेळ नव्हता.

तेव्हा बेशरमीच्या कोपऱ्यात पाणी खदखदताना दिसलं. भात उकळताना वरचं पाणी हलतं तसं. जवळ जाऊन पाहिलं. हजारभर पिल्लं, बोटाच्या नखाएवढी, तांबडी लाल. एकदम वर यायची, श्वास घ्यायची, खाली जायची. आणि त्यांच्याखाली काळी लांब सावली, हलत नव्हती. दुसरी थोडी दूर, गवताच्या कडेला.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल, पण मला होतं. मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. काठी मोडलेली आठवली, पायाने सरकवलेली टोपली आठवली. मग खाटेवरचा माणूस आठवला. मी बांबू पुढे केला आणि गळ पिल्लांच्या मधोमध सोडला.

ओढायचीही वेळ आली नाही. बांबू हातातून निसटता निसटता राहिला. मी काही शिकलेली नव्हते, तशीच मागे सरकत चिखलात बसले आणि दोन्ही पाय रोवून ओढत राहिले. मरळ काठावर आली तशी उड्या मारून पुन्हा पाण्याकडे निघाली. मी तिच्यावर गुडघा टाकला. लुगडं चिखलाने भरलं, हाताला गळ लागला. ओल्या बारदान्यात तिला गुंडाळलं. ती आत धडपडत होती, बारदाना माझ्या कुशीत लाथा मारल्यासारखा हलत होता. मागे पाणी खदखदतच होतं. मी वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर चुलीतली राख हाताला लावून तिला धरली, नाहीतर मरळ हातात राहत नाही. डोक्यावर पाट्याचा वरवंटा घातला. रस्सा पातळ केला. तिखट नाही, मसाला नाही, नुसती हळद, मीठ आणि जिरं. मांस बोटांनी कुस्करून गाळून घेतलं. वाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. नाकाजवळ नेली. त्याने डोळे उघडले. ओठ थोडे हलले. चमचा उजवीकडून आत घातला, आणि पहिला घोट गिळला गेला. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते, ती गाठ वर जाऊन खाली आली. दुसरा घोट. तिसरा.

तेवढ्यात माझी जाऊ दारात आली. शेजारच्या घरात राहते. तिचा मुलगा आता सोसायटीत आहे.

“काय वं, वास कशाचा येऊन राहिला?”

“कशाचा नाई.”

“मले नाक नाई का? मरळ हाय हे. बंदीत मरळ कुठून आली वं?”

“बाजारातून.”

“चिखलानं भरलेलं लुगडं बाजारात नेसून गेलती का? बांबूही न्यायचा होता मंग, भाव करायले.”

मी म्हटलं, तू जा. ती गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली, आणि मला नाही, सरळ त्याला म्हणाली, “भाऊजी, तुमच्या घरात काय शिजून राहिलं ते पाहून घ्या बाप्पा.”

त्याने तोंड बंद केलं. चमचा दातांवर आपटला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या लुगड्याकडे पाहिलं, बोटाला लागलेल्या गळाच्या जखमेकडे पाहिलं. पन्नास वर्षं माशांत काढलेला माणूस तो.

“पिल्लं होती?” त्याने विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण मला एकदम सगळ्याचाच कंटाळा आला.

“होती,” मी म्हटलं. “लाल घोयका होता. त्याच्यावरचीच हाय. म्याच धरली, म्याच मारली. मोडा माही काठी. पन आता तुमी हे नाई पेले, त ते फुकट मेली. अन्‌ मी बेशरम झाली ते बी फुकट.”

जाऊ दाराला टेकूनच होती. तिला वाटलं असेल आता तो वाटी फेकेल. मलाही तेच वाटलं. तो छताकडे पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते रडण्याचं, की कापलेल्या बाजूची नस गेल्यामुळे डोळा गळत होता, कोण जाणे. मग त्याने तोंड उघडलं. अर्धा रस्सा हनुवटीवरून खाली गेला, ठसका लागला, तरी वाटी संपवली. मी दुसरी आणली. तीही संपवली. जाऊ तोवर निघून गेली होती.

मला वाटलं, झालं. माणूस एकदा गिळायला लागला की लागला. पण सातव्या दिवशी सकाळी मी भाताची पेज घेऊन गेले, तर पुन्हा तोंड भिंतीकडे. दूध नेलं, तेच. काल जे प्याला ते मरळीचा हिशेब चुकता करायला प्याला होता. आता तिचं त्याच्याकडे काही राहिलं नव्हतं. मी खूप बोलले. शिव्याही दिल्या. काही नाही. डॉक्टरीणबाईंचे आठ-दहा दिवस सरत आले होते.

मग मी उठले आणि बांबू घेतला.

दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. “कुठं?”

“तलावावर. दुसरी हाय अजून पिल्लांवर.”

खाट करकरली. तो कोपरावर उठून बसला होता. घरी आल्यापासून तो आपणहून उठला नव्हता.

“जाऊ नको वं.”

“मंग तुमी काय खाता? मरळच खाता ना? आनतो.”

“ते गेली त पिल्लं नाई वाचत एक बी. बगळे खातील.”

“खाऊ द्या. मले काय करायचे पिल्लं? मले तुमच्याशी मतलब हाय.”

हातात बांबू धरून मी उंबरठ्यावर उभी, आणि मी खरंच जाणार होते. हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी पोकळ बोलणारी बाई नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

“पेज आन,” तो म्हणाला.

मी बांबू दाराला टेकवला आणि पेज आणली. त्याने ती वाटीभर पेज औषधासारखी, तोंड वाकडं करून, पण सगळी प्याली. संध्याकाळी मी पुन्हा बांबूला हात लावला. दूध प्याला.

असा एक महिना गेला. रोज सकाळी मी बांबू उचलायची, दारापर्यंत जायची, आणि तो वाटी मागायचा. आधी पेज, मग मऊ खिचडी चिवळून, मग कुस्करलेलं केळ. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, आजी, काय युक्ती केलीत? मी म्हटलं, काही नाही. जावेच्या मुलाने सोसायटीत विषय काढला. बाजारात माझ्या टोपलीशेजारी कोणी बसणार नाही असं ठरलं, वर्षभरासाठी. मी ते ऐकून घेतलं. टोपली मी एका टोकाला लावते.

खरं सांगायचं तर माझ्या गळात काही राहिलंच नव्हतं. त्या मरळीने पहिल्याच दिवशी दातांनी त्याची चिंधी केली होती. पिसं गेली, शेपटी गेली, लोकरीचा एक धागा आणि पितळेचा मणी तेवढा उरला होता. नुसत्या लोखंडावर बेडूकसुद्धा आला नसता. रोज सकाळी ते त्याच्यासमोर, दारात, उजेडात लटकायचं.

बंदी संपली त्या आठवड्यातली गोष्ट. लोकांची जाळी पाण्यात गेली होती आणि पिल्लं मोठी होऊन पांगली होती. मी घाईत होते. बांबू अंगणातच राहिला आणि मी तशीच खिचडीची वाटी घेऊन खाटेजवळ बसले. त्याने वाटीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

“आज जात नाई का तू?”

“नाई.”

तो भिंतीकडे वळला.

मी वाटी खाली ठेवली. अंगणात गेले, बांबू आणला आणि दाराला टेकवून उभा केला. मग येऊन बसले. त्याने तोंड उघडलं.